सार्वजनिक शौचालयाला पैसे घ्यावेत का? देशोदेशी फिरताना आलेले अनुभव

पायपीट :
गेली नऊ वर्षं काही कामानिमित्त, काही हौसेने फिरतो आहे. परत आलं की लोक विचारतात, काय पाहिलंस, काय खाल्लंस. शौचालयांचं कोणी विचारत नाही. पण परक्या शहरात दिवसातून चार-पाच वेळा ज्याची गरज पडते, ती जागा तीच. माझं मत आता पक्कं झालंय आणि ते सरळ मांडतो : सार्वजनिक शौचालयाला थोडे पैसे घ्यावेत.

जर्मनीत महामार्गावरच्या बऱ्याच थांब्यांवर एक युरो टाकला की फिरतं दार उघडतं आणि एक युरोचं कूपन मिळतं, ते तिथल्याच दुकानात चालतं. (२०२२ पर्यंत ७० सेंट घेत आणि ५० सेंटचं कूपन देत.) आत गेलं की फरशी कोरडी, साबण भरलेला, कागद शिल्लक. रात्री दोन वाजताही तसंच. याउलट न्यूयॉर्कमध्ये पैसे द्यायची तयारी असूनही कुठे द्यायचे ते कळेना. एका दिवसात तीन वेळा कॉफी घेतली, ती फक्त शौचालयाची किल्ली मिळावी म्हणून. पॅरिसमध्ये रस्त्यावरची स्वयंचलित शौचालयं २००६ पासून फुकट आहेत. माणूस बाहेर पडला की दार बंद होतं आणि यंत्र आतलं सगळं धुऊन काढतं. कल्पना उत्तम, पण तेवढा वेळ बाहेर रांग ताटकळते.

जिथे नाणं पडतं तिथे कोणीतरी जबाबदार असतं. माझा अनुभव तरी असाच आहे.

सांजवेळ :
पूर्ण असहमत. माझाही अनुभव ऐका.

युरोपातल्या एका मोठ्या रेल्वे स्थानकात आईला घेऊन उतरले. आई ७१ वर्षांची, रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू. शौचालयापाशी फिरतं दार, यंत्रात फक्त नाणी चालणार, आणि माझ्याकडे सगळ्या नोटा. सुट्टे देणारं यंत्र बंद. मी धावत दुकानात गेले, तिथे रांग. परत आले तेव्हा आई भिंतीला टेकून उभी होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. साडी भिजली होती. पुढचे दोन दिवस ती हॉटेलच्या खोलीतून बाहेर पडली नाही.

तुम्ही ज्याला "थोडे पैसे" म्हणता, ते आम्हाला जड नव्हतेच. मध्ये आलं ते दार. ज्याला घाईची लागली आहे त्याच्यासमोर दार बंद ठेवायचं आणि आधी नाणं मागायचं, हेच मला चुकीचं वाटतं.

शिवाय हे पैसे सगळ्यांकडून सारखे घेतलेच जात नाहीत. अमेरिकेत १९७० साली ओहायोतल्या डेटन शहरात शाळकरी मुलांनी पैसे घेणाऱ्या शौचालयांविरुद्ध संघटना काढली. मुतारी फुकट आणि कुलूपबंद संडासाला नाणं, म्हणजे पुरुष मोकळे आणि भुर्दंड बाईला, हा त्या काळच्या विरोधातला एक मोठा मुद्दा. त्याआधी १९६९ मध्ये मार्च फाँग यू या आमदार बाईंनी कॅलिफोर्नियाच्या विधानभवनाच्या पायऱ्यांवर कमोड घणाने फोडला होता, तोही याच मुद्द्यावर. शिकागोने १९७३ मध्ये बंदी घातली.

पायपीट :
तुमच्या आईंबद्दल वाचून फार वाईट वाटलं. नाण्यांची सक्ती चूकच आहे, कार्ड टेकवून दार उघडलं पाहिजे.

पण अमेरिकेची गोष्ट तुम्ही अर्ध्यावर सोडलीत. १९७० मध्ये तिथे पैसे टाकून उघडणारी सुमारे ५०,००० शौचालयं होती. दहा वर्षांत ती जवळपास सगळी गेली. त्यांच्या जागी फुकटची तेवढी उभी राहिली का? नाही राहिली. त्याचाच परिणाम मी न्यूयॉर्कमध्ये भोगला. हक्क म्हणून लढाई जिंकली आणि जागाच गेली. बाईला फुकट पण नसलेलं शौचालय काय कामाचं?

उंबरठा :
मी कामासाठी काही वर्षं टोकियोत राहिलो. तिथे स्थानकात, बागेत, कोपऱ्यावरच्या दुकानात, कुठेही जा, पैसे लागत नाहीत. आणि स्वच्छ असतं.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "जपानी माणूस मुळातच स्वच्छ." हे खरं नाही. तिथल्या बागांमधल्या शौचालयांची ख्याती चार शब्दांत सांगत : कितानाई, कुसाई, कुराई, कोवाई. घाण, वास, अंधार, भीती. माणसं तीच होती, संस्कृती तीच होती, तरी ही अवस्था. मग शिबुया भागात २०२० ते २०२३ या काळात निप्पॉन फाउंडेशन या सेवाभावी संस्थेने नामवंत वास्तुरचनाकारांकडून १७ शौचालयं नव्याने बांधून घेतली. शिगेरू बान यांची पारदर्शक काचेची त्यातलीच. कडी लावली की काच धूसर होते, म्हणजे आत कोणी दडलेलं नाही आणि आत स्वच्छ आहे, हे पाऊल टाकण्याआधी दिसतं. (थंडीत काच धूसर व्हायला उशीर लागू लागला, तेव्हा थंडीच्या महिन्यांत ती सतत धूसरच ठेवावी लागली. हेही सांगायला हवं.)

पण या प्रकल्पात मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती देखभाल. दिवसातून अनेकदा सफाई. पैसा आधीच बाजूला काढलेला, दारात उभ्या माणसाकडून घेतलेला नाही. पायपीट, स्वच्छता आणि नाणं यांची जी सांगड तुम्ही घालताय ती इथे तुटते.

एक उणं : अनेक स्थानकांत हात पुसायला काही नसतं. तिथले लोक खिशात रुमाल ठेवतात, तुम्हीही ठेवा.

कातळ :
तुम्ही सगळे पैशांवर भांडताय, पाण्याचं कोणी बोलतच नाही. तुर्कस्तानात कमोडच्या आतच बारीक नळी असते, बाजूची तोटी फिरवली की काम झालं. इटलीत १९७५ च्या नियमाने घराघरात बिडे, म्हणजे धुण्यासाठीचं कमोडशेजारचं बसकं भांडं, आला, पण सार्वजनिक शौचालयात तो शोधूनही मिळत नाही. पैसे भरून आत गेले आणि नुसता कागद, तर माझ्या दृष्टीने ते शौचालय अर्धंच आहे. मी बाटली घेऊनच जाते.

तिठा :
माझं मत वेगळं. पैसे नकोत, पण धाक हवा. सिंगापूरमध्ये सार्वजनिक शौचालयात पाणी न सोडता गेलात तर १९८९ पासून दंड आहे. बीजिंगच्या टेंपल ऑफ हेवन या उद्यानातल्या शौचालयांतून लोक कागदाचे रोल घरी नेत. २०१७ मध्ये तिथे चेहरा ओळखणारं यंत्र बसवलं : एका वेळी ६० सेंटिमीटर कागद, पुन्हा हवा तर नऊ मिनिटं थांबा. चोरी आटोक्यात आणायचा उपाय केला, दार मात्र सगळ्यांना उघडंच ठेवलं.

उंबरठा :
पोट बिघडलेल्या माणसाला ६० सेंटिमीटर आणि नऊ मिनिटं? शौचालयात कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं? दोन युरो मागा, पण हे नको.

सांजवेळ :
पायपीट, "फुकट केलं की जागाच जाते" हे मला मान्य नाही. ब्रिटनमधल्या मोठ्या रेल्वे स्थानकांत एप्रिल २०१९ पासून पैसे घेणं बंद झालं. तिथली शौचालयं काही नाहीशी झाली नाहीत. आणि तुमच्या आवडत्या जर्मनीतच दुसरी पद्धतही आहे. आलेन या गावात सुरू झाली, नंतर शेकडो गावांनी उचलली. नगरपालिका हॉटेलवाल्यांना दरमहा ठरावीक रक्कम देते, ते दारावर तसा स्टिकर लावतात, आणि कोणीही आत जाऊन शौचालय वापरावं, काही विकत न घेता. नवी इमारत नको, नाणं नको.

आणि जागा कोणासाठी बांधता हेही बघा. ॲम्स्टरडॅममध्ये एका बाईला २०१५ मध्ये रस्त्यावर लघवी केली म्हणून दंड झाला. ती कोर्टात गेली. पुरुषांच्या मुताऱ्या तिथे तीसहून जास्त, बायकांसाठी तीन. २०१७ मध्ये न्यायाधीश म्हणाले, पुरुषांची मुतारी वापरायची होती. उघड्यावरची, उभ्याने वापरायची मुतारी! बायका निषेधाला उतरल्या त्या उगीच नव्हे.

पायपीट :
आलेनची पद्धत मला माहीत नव्हती. चांगली आहे. पण ती दुकानं उघडी असेपर्यंतच. रात्री दोन वाजता काय?

आणि एक गोष्ट मी सोडणार नाही. आत मॉप घेऊन उभी असते त्या बाईचा पगार कुठून तरी यायला हवा. नगरपालिका पैसे कमी पडले की पहिली कात्री तिच्यावर चालवते. माझं नाणं निदान तिच्यापर्यंत पोचतं.

सांजवेळ :
पोचतंच असं नाही. जर्मनीत अशा शौचालयांच्या दारात बशी घेऊन बाई बसलेली असते. लोकांना वाटतं, बशीतले पैसे तिचे. ओबरहाउझेनच्या एका मॉलमधल्या बाईला ते मिळतच नव्हते, कंपनी गोळा करून नेत होती. ती गेल्झेनकिर्खेनच्या कामगार न्यायालयात गेली. २०१४ मध्ये निकाल लागला की त्या पैशांत तिचाही वाटा आहे. त्यासाठी कोर्टात जावं लागलं तिला.

रात्री दोनचं उत्तर माझ्याकडे नाही, ते तुम्ही बरोबर विचारलंत.

आई पुढच्या महिन्यात पुन्हा माझ्याबरोबर येतेय. तिने एक छोटी कापडी पिशवी शिवली आहे, मागच्या वेळची उरलेली सगळी नाणी त्यात घालून पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवली आहेत. काल मला दोनदा विचारलं, एवढी पुरतील ना गं?