नागीण गेली, आग राहिली: गोळी की पट्टी?

दांडियाबाजारवाली:
सासूबाईंना (वय ७४) दिवाळीत नागीण झाली. फोड वाळले, पण डाव्या बरगडीखाली अजून आग होते. पदर लागला तरी कळवळतात. प्रीगाबालिन ७५ ची गोळी चालू आहे. त्यानं फरक पडला, पण सकाळी उठल्या की तोल जातो, परवा झोपाळ्यावरून उतरताना पडता पडता वाचल्या. आता डॉक्टर लिडोकेनची पट्टी लावा म्हणतात. गोळीनं पुरतं जात नाही ते वरून चिकटवून कसं जाणार? सासूबाई तर म्हणतात, सुईच द्या!

रावपुऱ्याचा केमिस्ट:
ताई, काउंटरवर हे रोज ऐकतो. सुई सगळ्यांत भारी, मग गोळी, आणि पट्टी म्हणजे नुसता बाम. तसं नसतं. प्रीगाबालिन मज्जारज्जूत आणि मेंदूत काम करतं, तिथं ते रक्तातूनच पोचणार. म्हणून दुखणं बरगडीत आणि गरगर डोक्यात. लिडोकेन कातडीतल्या नसांची टोकं तिथल्या तिथं बधिर करतं. ५ टक्केवाल्या पट्टीतलं जेमतेम ३ टक्के औषध रक्तात उतरतं. तेच गिळलं तर लिव्हर पहिल्याच फेरीत बरंचसं मोडून टाकतं.

सुईचंही तेच, टोक कुठं पोचतं ते बघायचं. मणक्याच्या पाण्यात दिलेलं १ मिग्रॅ मॉर्फिन तोंडानं घेतलेल्या सुमारे ३०० मिग्रॅच्या तोडीचं धरतात. पण तो फार हट्टी दुखण्यांचा मार्ग, आजींना कशाला!

पट्टी २४ तासांत १२ तासच, आणि कातडी पूर्ण भरली असेल तिथंच. वरून शेक अजिबात नको, औषध जास्त शोषलं जातं. गोळी मनानं एकदम बंद करू नका, ती डॉक्टर हळूहळू उतरवतील.

मांजलपूरकर:
बाबांना शुगरमुळे दोन्ही पायांत गुडघ्यापर्यंत आग होते. गॅबापेंटिन चालू आहे. पट्टी चालेल का?

रावपुऱ्याचा केमिस्ट:
एवढ्या जागेला पट्ट्या पुरायच्या नाहीत, एका वेळी जास्तीत जास्त तीन. तिथं गोळीच. पण गॅबापेंटिन आतडं ठरावीक वेगानंच आत घेतं: दिवसाला ९०० मिग्रॅ घेतलं तर ६० टक्के शोषलं जातं, ३६०० घेतलं तर ३३ च. त्यामुळे 'डोस वाढवून द्या' म्हणून डॉक्टरांच्या मागे लागू नका. ॲसिडिटीचं पातळ औषध घेत असतील तर गोळी त्यानंतर दोन तासांनी. आणि किडनीचा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवलाय ना? हे किडनीतूनच बाहेर पडतं.

दांडियाबाजारवाली:
सासूबाई रात्रीच जास्त तळमळतात. पट्टी रात्री लावली तर?

रावपुऱ्याचा केमिस्ट:
खुशाल. नऊला लावा, सकाळी नऊला काढा. काढलेली घडी करून टाका, घरात लहान पोर असेल तर त्याच्या हाती लागता कामा नये.