मदत हवी आहे: ऑइलमधलं वादळी आभाळ मॅट पडलंय आणि मुलं चिकटवल्यासारखी दिसतायत

नमस्कार मंडळी, आठवडाभर एकाच जागी अडकलेय म्हणून धागा काढतेय.

कॉन्स्टन्टिन माकोव्स्कीचं १८७२ सालचं 'वादळापासून पळणारी मुलं' सरावासाठी कॉपी करतेय, मूळ चित्र मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीत आहे, मी प्रिंटवरून करतेय. पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, रशियातल्या खेड्यातली शेतकऱ्याची अनवाणी पोर, पाठीवर धाकटं भावंड, ओच्यात रानातून वेचलेली अळंबी, फळ्यांच्या साकवावरून लगबगीने चाललीय आणि मागे आभाळ काळं झालंय. धाकट्याने तिच्या गळ्याला जी मिठी मारलीय ना, ती बघूनच मी हे चित्र निवडलं.

आता अडचण. आभाळाचा गडद भाग वाळल्यावर डाग पडल्यासारखा मॅट (चमक गेलेला) झालाय, म्हणजे एका ठिकाणी छान खोल काळा-निळा आणि वीतभर अंतरावर खडूची पूड चोळल्यासारखा करडा. मी बाजारातला जेसो (रंगाखालचा पांढरा अस्तर-लेप) लावलेला कॅनव्हास घेतला, पहिला थर बर्न्ट अंबरचा (गडद तपकिरी), भरपूर टर्पेंटाइन घालून पातळ, आणि तो नीट वाळायच्या आतच वर अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि अंबर दिलं, घाई नडली. खालच्या थराने तेल ओढून घेतलं असणार हे कळतंय, अंबर तसाही लवकर मॅट पडतो. पण आभाळाचा जोर गेल्यामुळे मुलं घाबरून पळतायत असं वाटतच नाही, स्टुडिओत उभी करून फोटो काढल्यासारखी वाटतात आणि हे मला फार लागतंय, कारण त्या पोरीच्या चेहऱ्यावरची भीती हाच तर चित्राचा जीव आहे.

काल एका कोपऱ्यात, जो भाग वाळलाय तिथे, जवसाचं तेल थोड्या टर्पेंटाइनमध्ये मिसळून अगदी पातळ हात दिला आणि जास्तीचं कापडाने टिपून घेतलं. रंग लगेच खोल झाला! पण आख्ख्या आभाळावर हे करायचा धीर होत नाही, तेल जास्त राहिलं तर पुढे पिवळं पडेल ना?

तर विचारायचंय, आख्ख्या आभाळाला असंच तेल द्यावं की रीटच व्हार्निश (काम चालू असताना मधे देतात ते पातळ व्हार्निश) मारून वर काम करावं? शेवटचं व्हार्निश सहा महिन्यांनी, ते माहितीये, प्रश्न मधल्या थराचा आहे.

आणि दुसरं, कडा. केसांची आणि खांद्याची कड मी सरळ रेषेत कापल्यासारखी केलीय, ती आता आभाळाचा ओला रंग परत लावून त्यातच मोडू का, की वाळलेल्यावर कोरड्या ब्रशने मऊ करता येते? पायाचं पण बघा, तळवा फळीवर टेकतोय पण वजन पडल्यासारखं दिसत नाही, खालची सावली अजून गडद हवी की टाचच चुकलीय?

फोटो उजेडात काढून रात्री टाकते. ज्यांनी गडद बॅकग्राउंडवर माणसं रंगवलीयेत त्यांनी प्लीज सांगा.