मदत हवी आहे: अर्धशिशीवर प्रोप्रॅनोलॉल आणि बी-2 एकत्र
मंडळी, बायकोची अर्धशिशी उन्हाळ्यात जास्तच उठते. राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी प्रोप्रॅनोलॉल (रक्तदाबाची गोळी, अर्धशिशी रोखायलाही देतात) सुरू केलंय, जोडीला रोज 400 मिलिग्रॅम रायबोफ्लेविन, म्हणजे बी-2 जीवनसत्त्व. बेल्जियममधल्या 1998 च्या चाचणीत एवढ्याच डोसने तीन महिन्यांत 59 टक्के रुग्णांचे डोकेदुखीचे दिवस निदान निम्म्याने घटले. खोट्या गोळीवर 15 टक्के. पण रुग्ण जेमतेम 55, आणि बी-2 एकटंच दिलेलं. दोन्ही एकत्र घेऊन कुणाला जास्त फरक पडला का? लघवी पिवळीधमक होते ते बी-2 मुळे, त्याचं काही नाही. पंचाईत वेगळीच: एवढ्या ताकदीची गोळी महाद्वार रोडला मिळेना, सगळे बी-कॉम्प्लेक्स पुढं करतात. कोल्हापुरात कुठं मिळेल?

(दमा असलेल्यांनी प्रोप्रॅनोलॉल आपल्या मनानं घेऊ नका बरं.)