प्रवासात नेण्यासाठी नेब्युलायझर कोणता घ्यावा? दिवाळीत गावी जायचंय

परभणीची आई

नमस्कार. माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे, तिला बालदमा आहे. घरी नेब्युलायझर, म्हणजे पातळ औषधाची वाफ करून मास्कमधून देणारं मशीन आहे. ते कम्प्रेसरचं, म्हणजे हवेच्या दाबावर चालणारं आहे, काम चोख करतं. पण ते जड आहे, ट्रॅक्टरसारखा आवाज करतं आणि प्लगशिवाय त्याचा काही उपयोग नाही.

मागच्या दिवाळीत केजकडे सासरी गेलो होतो. सोयाबीनची मळणी चालू होती, भुसा वाऱ्याबरोबर थेट ओसरीत यायचा. रात्री दीडला लेकराला धाप लागली. वाफ लावली, औषध अर्धं गेलं असेल-नसेल तेवढ्यात लाइट गेली. मशीन बंद पडलं, मास्क तोंडावर तसाच, आणि ती अंधारात माझा पदर घट्ट धरून बसली. दिरांनी मोटारसायकल काढली, तिला शालीत गुंडाळून मधे बसवलं आणि अंबाजोगाईचा सरकारी दवाखाना गाठला. तिथे लगेच घेतलं म्हणून निभावलं. तो रस्ता मला परत करायचा नाही.

यंदा गावाहून आल्यावर देवगिरी एक्सप्रेसने मुंबईला भावाकडेही जायचंय. डॉक्टरांनी बुडेसोनाइड (श्वासनलिकेची सूज कमी करणारं) आणि लेव्होसाल्ब्युटामॉल (श्वास मोकळा करणारं) लिहून दिलंय. मेडिकलवाले अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी वाफ करणारं) घ्या म्हणतात, स्वस्तही आहे. बजेट चार हजारांपर्यंत. काय घेऊ?

मांजराकाठ

ताई, अल्ट्रासॉनिक अजिबात घेऊ नका. मी लातूरला मेडिकलमध्येच काम करतो, म्हणून ठामपणे सांगतो. बुडेसोनाइडची रेस्प्यूल (एका वेळच्या औषधाची प्लास्टिकची कुपी) हलवून उजेडात धरा, दुधाळ दिसेल. औषध पाण्यात विरघळलेलं नसतं, त्याचे बारीक कण तरंगत असतात. अल्ट्रासॉनिकमध्ये पाण्याचे तुषार उडतात आणि कण बरेचसे वाटीतच राहतात. वर ते औषध तापवतं. वाफ दिसते भरपूर, आपल्याला वाटतं लेकराला औषध मिळालं.

प्रवासाला मेशवालं घ्या. त्यात धातूची पातळ जाळी असते, तिला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात. जाळी थरथरते आणि औषध छिद्रांतून धुक्यासारखं बाहेर पडतं. मुठीत मावतं, आवाज जवळजवळ नाही, झोपलेल्या लेकरालाही देता येतं. खोक्यावर दोन आकडे बघा. कणांचा आकार ५ मायक्रॉनच्या आत हवा, त्याहून मोठे कण घशातच अडकतात. आणि मिनिटाला किती मिली जातं ते. ०.२५ मिली असेल तर अडीच मिलीच्या रेस्प्यूलला दहा मिनिटं लागणार. हे आकडे खोक्यावर नसतील तर ते मशीन दुकानातच ठेवा. बुडेसोनाइड चालतं असं माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलंही हवं.

एक विसरू नका. कम्प्रेसरच्या कपात तळाशी बरंच औषध उरतं, मेशमध्ये फार कमी उरतं. म्हणून मात्रा तीच ठेवायची का, हे तुमच्या डॉक्टरांना आधी विचारा.

गोदातीर

वडिलांसाठी (दम्याचा जुना त्रास, वय ७४) दोन मेश मशीन वापरून झाली, त्यावरून सांगते. पहिलं आत बॅटरी असलेलं, मोबाईलच्या चार्जरवर चालणारं होतं. वर्षभरात बॅटरी उतरली, दुसरी वाफ पुरेना. दुसरं ओमरॉनचं यू-१०० घेतलं, ते दोन पेन्सिल सेलवर चालतं. महाग आहे, तुमच्या बजेटच्या वर जाऊ शकतं. पण सेल नांदेडलाही मिळतात आणि माहूरच्या पायथ्याच्या टपरीवरही. लाइट नसलेल्या गावात जायचं असेल तर मी सेलवालंच निवडेन. स्वस्तातही सेलवर चालणारी मशीन येतात, त्यात वर सांगितलेले आकडे तेवढे बघा.

रेल्वेत कम्प्रेसर लावायचा विचारही नको. डब्यातले पॉइंट मोबाईलपुरते असतात.

आता खरी अडचण. आमचं पहिलं मशीन नुसत्या बॅटरीने बिघडलं नाही, पाण्यानेही बिघडलं. आम्ही वाटी बोअरच्या पाण्याने धुवायचो. आपल्याकडचं बोअरचं पाणी तुम्हाला माहीत आहे, बादलीला पांढरा थर चढतो. तोच थर जाळीच्या छिद्रांत बसला. आधी दहा मिनिटांत संपणारं औषध पंचवीस मिनिटं चालायला लागलं, मग नुसतेच थेंब. वडील म्हणायचे वाफ लागत नाही, आणि आम्ही म्हणायचो धीर धरा. ते बरोबर होते.

परभणीची आई

आमच्याकडेही बोअरच आहे. पाणी उकळून घेतलं तर चालेल का?

गोदातीर

नाही हो. उकळून जंतू मरतात, क्षार पुरते जात नाहीत. मेडिकलमध्ये इंजेक्शनसाठीचं स्टराइल वॉटर मिळतं, १० मिलीची छोटी कुपी. दर वाफेनंतर उरलेलं औषध ओतून टाकायचं, वाटीत थोडं स्टराइल वॉटर घालून मिनिटभर मशीन चालवायचं, मग झटकून स्वच्छ रुमालावर पालथी घालून वाळू द्यायची. जाळीला बोट, कापूस, काडी काहीही लावायचं नाही. बुडेसोनाइडनंतर तर हे टाळूच नका, त्याचे कण वाळले की घट्ट बसतात.

डोंगरपट्टा

ओवा किंवा निलगिरीचं तेल त्यात घालू नका, गावाकडे कोणीतरी सुचवतंच. तेल फुप्फुसात गेलं तर वेगळंच दुखणं उभं राहतं.

मांजराकाठ

गोदातीर ताईंनी मोलाचं सांगितलं. त्यात भर घालतो. मशीन आणलं त्याच दिवशी ३ मिली सलाइन घालून किती मिनिटांत संपतं ते घड्याळ लावून बघा आणि खोक्यावर लिहून ठेवा. पुढे वेळ दीडपट झाला की जाळी तुंबायला लागली म्हणून समजा. एक जादा जाळी आधीच घेऊन ठेवा, आयत्या वेळी तालुक्याला मिळत नाही.

पण मशीन कितीही चांगलं असलं तरी पिशवीत पंप (इनहेलर) आणि मास्क लावलेला स्पेसर (पंप आणि तोंडाच्या मधे लावायची पोकळ नळी) असलाच पाहिजे. साधा किंवा मध्यम त्रास असेल तर स्पेसरमधून नीट दिलेला पंप नेब्युलायझरइतकंच काम करतो. त्याला ना सेल लागतात ना लाइट. आमच्या काउंटरवर निम्म्या लोकांना वाटतं की पंपाची सवय लागते आणि वाफ म्हणजे हलकं औषध. औषध तेच असतं, पंपात मात्रा उलट कमी असते. पंपाचे किती पफ (फवारे) द्यायचे ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, तो कागद स्पेसरला रबर लावून ठेवा. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील तर घरी वाट बघू नका, १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत औषध चालू ठेवा.

रेस्प्यूल गाडीच्या डॅशबोर्डवर राहू देऊ नका. उन्हापासून लांब, त्यांच्या चांदीच्या पाकिटातच ठेवा. आणि बुडेसोनाइड दिल्यावर चूळ भरायला लावायची, मास्कखालचा चेहरा पुसायचा, नाहीतर तोंड येतं.

परभणीची आई

सगळ्यांचे मनापासून आभार. सेलवर चालणारं मेश घेतलं, बजेटमध्ये बसलं. डॉक्टरांना दाखवलं, मात्रा विचारली, पफचा कागद घेतला. जायच्या आधी आठवडाभर तिच्या बाहुलीला रोज वाफ दिली, म्हणजे मास्क तिला नवा वाटू नये. तो गालांना चिकटून बसला पाहिजे, लांब धरला तर औषध हवेतच जातं, हे डॉक्टरांनी हातात धरून दाखवलं.

कालच गावाहून आलो. दुसऱ्या रात्री खोकला वाढला तेव्हा लाइट गेलेलीच होती. सासूबाईंनी कंदील धरला, तिने मांडीवर बसून अकरा मिनिटांत वाफ घेतली आणि तशीच झोपली. पहिल्या दिवशी मोजून खोक्यावर लिहून ठेवलेली मिनिटंही अकराच होती. मळणी चालू असेपर्यंत तिला मागच्या खोलीत ठेवलं, तेही कामी आलं.

परवा देवगिरीने निघतोय. स्टराइल वॉटरच्या सहा कुप्या घेतल्यात. मुंबईहून आल्यावर मिनिटं परत मोजून इथे लिहिते.