व्रोत्सवाफचे ‘ऑलिंपिक’ स्टेडियम नक्की कोणाचे?

ओडरकाठ:
नोकरीनिमित्त मी पोलंडमधील व्रोत्सवाफ येथे राहतो. येथील ऑलिंपिक स्टेडियमचा उल्लेख सर्वत्र ‘ऐतिहासिक बहुउद्देशीय क्रीडासंकुल’ असा केला जातो, त्याला माझा आक्षेप आहे. या मैदानावर ऑलिंपिक स्पर्धा कधीही झाली नाही, आणि आज येथे हजारोंनी लोक येतात ते प्रामुख्याने एकाच खेळासाठी, म्हणजे मोटरसायकल स्पीडवेसाठी (सुट्या मातीच्या ट्रॅकवरील मोटरसायकल शर्यत). पोलिश लोक या खेळाला ‘झुझेल’ म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ भट्टीतून निघणारी जळकी खडी (स्लॅग). पूर्वी ट्रॅकवर तीच पसरत असत. 1970 मध्ये वैयक्तिक जगज्जेतेपदाची अंतिम फेरी येथे झाली. तोपर्यंत ती फक्त इंग्लंड आणि स्वीडनमध्येच होत असे. न्यूझीलंडच्या आयव्हन मेजर यांनी (आडनाव लिहितात ‘मॉगर’सारखे, उच्चारतात ‘मेजर’) त्या दिवशी सलग तिसरे विजेतेपद मिळवले आणि पोलंडचे पावेल वालोशेक व आंतोनी वोरिना दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकावर आले. 1992 ची अंतिम फेरीही येथेच झाली, ती इंग्लंडच्या गॅरी हॅवलॉक यांनी जिंकली. 1995 मध्ये एकाच अंतिम फेरीऐवजी अनेक शर्यतींवरून जगज्जेता ठरवणारी ग्रां प्री मालिका सुरू झाली तेव्हा तिची पहिली शर्यत याच ट्रॅकवर झाली आणि ती तोमाश गोलोब यांनी जिंकली. माझे म्हणणे असे की हे मैदान झुझेलने जगवले आहे, तेव्हा त्याची ओळखही झुझेलचे मैदान अशीच असावी.

वास्तुवेडा:
आपण इतिहासाची सुरुवात 1970 पासून करता, येथेच गफलत होते. हे मैदान 1920 च्या दशकात उभे राहिले, तेव्हा हे शहर जर्मनीचे ब्रेस्लाउ होते. वास्तुविशारद रिखार्ड कोनव्हियार्झ यांनी केवळ एक मैदान आखले नव्हते; त्यांनी संपूर्ण क्रीडा-उद्यानाची रचना केली होती. त्या काळी ऑलिंपिकमध्ये कलास्पर्धाही असत, आणि 1932 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये याच आराखड्यासाठी कोनव्हियार्झ यांना कांस्यपदक मिळाले. त्यामुळे ‘ऑलिंपिक’ हे नाव निराधार आहे असे मला वाटत नाही. धावपटूने नव्हे, पण नकाशाने तरी येथे पदक मिळवले आहे. ज्या रचनेला ते पदक मिळाले ती अनेक खेळांसाठी होती. एका खेळाने जागा व्यापली म्हणून मूळ हेतू पुसून टाकावा, हे मला मान्य नाही.

ओडरकाठ:
पदकाचा मुद्दा मान्य. मात्र त्या ‘मूळ हेतू’चे पुढे काय झाले तेही सांगावे. नात्सी राजवटीत या मैदानाला हिटलरचा सहकारी नेता हेर्मान ग्योरिंग याचे नाव देण्यात आले, आणि 1938 च्या भव्य क्रीडामहोत्सवाला हिटलर स्वतः शहरात उपस्थित होता. अनेक खेळ एकत्र आणण्याच्या कल्पनेचा तेव्हा कसा वापर झाला हे विसरून केवळ आराखड्याचे कौतुक करणे मला जड जाते.

वास्तुवेडा:
मी ते विसरलेलो नाही. त्याच राजवटीत, 16 मे 1937 रोजी, जर्मन फुटबॉल संघाने येथे डेन्मार्कचा 8-0 असा पराभव केला. त्यातील पाच गोल एकट्या ओट्टो झिफलिंगचे होते, आणि तो संघ पुढे ‘ब्रेस्लाउ इलेव्हन’ या नावानेच ओळखला गेला. झुझेलचे मैदान म्हणून पाटी लावली, तर या दोन्ही गोष्टी, लाज वाटावी अशी आणि अभिमान वाटावा अशी, एकाच फटक्यात नजरेआड होतील. तो फटका मारण्याचा अधिकार कोणाला आहे?

चौथी फेरी:
मी या खेळाचा जुना प्रेक्षक आहे, म्हणून व्यावहारिक बाजू मांडतो. स्पीडवेची मोटरसायकल 500 सीसीची, एकाच सिलिंडरची, मेथॅनॉलवर चालणारी. तिला ब्रेक नसतात. चार स्वार चार फेऱ्या मारतात, वळणावर मागचे चाक मुद्दाम घसरवतात आणि लोखंडी तळव्याचा डावा पाय जमिनीवरून सरकवत तोल सांभाळतात. हे शक्य होण्यासाठी ट्रॅकचा वरचा थर सुटा असावा लागतो. काही शर्यती झाल्या की ट्रॅक्टर येऊन बाहेर फेकली गेलेली माती पुन्हा आत ओढतात आणि पाणी मारतात. अशा पृष्ठभागावर धावण्याची शर्यत घेता येत नाही, आणि ट्रॅकची वळणे फुटबॉल मैदानाच्या कोपऱ्यांवर अतिक्रमण करतात. हा इतिहासाचा वाद होण्याआधी मातीचा वाद आहे. शिवाय 2012 च्या युरो स्पर्धेसाठी शहराने फुटबॉलचे मोठे स्टेडियम दुसरीकडे बांधले, त्यामुळे येथे फुटबॉलची निकड उरलेली नाही.

वास्तुवेडा:
मग 2017 चे काय? त्या वर्षी वर्ल्ड गेम्ससाठी (ऑलिंपिकमध्ये नसलेल्या खेळांची जागतिक स्पर्धा) या स्टेडियमचे नूतनीकरण झाले आणि येथे स्पीडवेबरोबर अमेरिकन फुटबॉलही खेळले गेले. आपण ज्याला अशक्य म्हणता ते एकाच उन्हाळ्यात झाले.

चौथी फेरी:
अशक्य असे मी म्हटलेले नाही, ॲथलेटिक्सबद्दल म्हटले आहे. आतील हिरवळीवर दुसरा खेळ होऊ शकतो, हे मान्य. परंतु दहा दिवसांचा महोत्सव आणि वर्षानुवर्षांचे लीगचे सामने यांत फरक आहे. येथील स्पीडवे संघ स्पार्टा व्रोत्सवाफने 1993 ते 1995 सलग तीन वेळा, पुढे 2006 मध्ये आणि 2021 मध्ये देशाचे विजेतेपद मिळवले. नियमितपणे गर्दी खेचणारा असा संघ नसता, तर त्या नूतनीकरणाची मागणी तरी कोणी केली असती?

कृष्णाकाठ:
कोल्हापूरकर म्हणून एक गोष्ट जोडतो. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती, आणि त्यांतील बहुतेक लोक पूर्व पोलंडचे होते. युद्धानंतर तो प्रदेश सोव्हिएत संघाकडे गेला, तेथील पोलिश रहिवाशांना पश्चिमेकडे हलवण्यात आले आणि त्यांतील अनेक जण याच व्रोत्सवाफमध्ये आले, तर येथील जर्मनांना शहर सोडावे लागले. म्हणजे मैदान तेच राहिले, प्रेक्षक मात्र पूर्णपणे बदलले. नव्या रहिवाशांसाठी कोनव्हियार्झ किंवा झिफलिंग हे आपले नव्हते. त्यांची स्वतःची आठवण या मातीवर धुरळा उडाल्यावरच तयार झाली. म्हणून मला ओडरकाठ यांची बाजू अधिक जवळची वाटते, तरी नाव बदलण्याची त्यांची सूचना पटत नाही.

ओडरकाठ:
मी नाव बदला म्हटले नव्हते, ओळख म्हटले होते. पण वाक्य सैल होते हे मान्य करतो. पाटीवर कोनव्हियार्झ, 1937 चा सामना, ग्योरिंगचे नाव आणि 1970 ची शर्यत या चारही नोंदी असाव्यात, त्याही पोलिश आणि जर्मन या दोन्ही भाषांत. ‘बहुउद्देशीय’ हा शब्द मात्र काढून टाकावा, या मतावर मी ठाम आहे.

वास्तुवेडा:
पाटी मान्य. शब्द राहू द्या, 2017 मध्ये तो खरा ठरला होता.