धरण दुरुस्तीची टेंडरं: छोट्यांना थेट काम की नुसतं सब-काँट्रॅक्टचं?

मुलुंडचा गेटवाला
ड्रिप योजना ऐकून असाल, जुन्या धरणांची दुरुस्ती, वर्ल्ड बँकेचं कर्ज, दुसरा-तिसरा टप्पा मिळून 736 धरणं, 10,211 कोटी, महाराष्ट्र पण आहे त्यात. मी बघितली ती टेंडरं सगळी एका गाठोड्यात, ग्राउटिंग (गळती थांबवायला भोकं पाडून आत सिमेंटचा रबडा दाबून भरणं), सांडव्याचं काँक्रीट, गेट, रस्ता, सायरन, आणि टर्नओव्हरची अट अशी की आमच्यासारखा दारातच अडतो. आणि शेवटी गेटला हात कोण लावतो? आम्हीच, सब म्हणून! मागे एका धरणावर रेडियल गेटची, म्हणजे सांडव्यावरच्या कमानीसारख्या वाकलेल्या दरवाजांची, रबर सीलं बदलली, जुनं रबर ओढलं की पापडासारखं तुटायचं, बोल्ट गंजून एकजीव झालेले, कटरने कापून काढले. बिल मिळालं चौदा महिन्यांनी, ते पण कापून. गेटचं टेंडर वेगळं काढा, एवढंच मागणं आहे.

रिटायर्ड पाटबंधारेवाला
भाऊ, तुमचं दुःख कळतं पण मागणी पटत नाही. पाणी सांडव्याच्या माथ्याखाली गेल्याशिवाय गेट कोरडं होत नाही, म्हणजे फेब्रुवारी-मार्च, आणि जूनला पाऊस दारात. तेवढ्यात चार ठेकेदार एका धरणावर उतरवले की ग्राउटिंगवाला म्हणणार गेटवाल्याची क्रेन आडवी, गेटवाला म्हणणार रस्ताच झाला नाही, पत्रापत्रीत उन्हाळा संपतो. हे सगळं मी भोगलंय. कोयनेचं घ्या, 1967 च्या भूकंपानंतर मजबुतीकरण सुरू झालं, सांडव्याचा भाग पुरा व्हायला 2006 उजाडलं. जुन्या काँक्रीटला नवीन चिकटवायचं म्हणजे गच्चीचं वॉटरप्रूफिंग नव्हे.

मुलुंडचा गेटवाला
साहेब कोयना कोण मागतंय? मी सील मागतोय, सील! 😅

भांडुपकर
मी ठेकेदार नाही, नुसता पाणी पिणारा. मुंबईचं जवळपास निम्मं पाणी भातसाचं, तानसा तर 1892 चं दगडी धरण, म्हणून वाचत होतो. तुम्ही दोघं काम कोणाला यावर भांडताय, टेंडर अंदाजपत्रकापेक्षा किती बिलो, म्हणजे किती कमी दराने भरलं, यावर कोणीच बोलत नाही. पंचवीस टक्के बिलो जाणारा ते पैसे कुठून काढणार? माझा मेहुणा ग्राउटिंगच्या साइटवर होता, तो सांगतो बिल निघतं भोकात सिमेंटच्या किती गोण्या गेल्या त्यावर, आणि भोकात वाकून कोण बघतो. रत्नागिरीचं तिवरे धरण फुटलं ते आठवतं ना, 2 जुलै 2019 ची रात्र, गळती गावकऱ्यांनी आधीच दाखवली होती, डागडुजी पण झाली होती म्हणे. वीसहून जास्त माणसं गेली.

रिटायर्ड पाटबंधारेवाला
गोण्यांचं खरं आहे, नाकारत नाही. पण गॅलरीत, म्हणजे धरणाच्या पोटातल्या बोगद्यात, व्ही-नॉच असतो, गळतीचं पाणी मोजायची व्ही आकाराची खाच, आधी मिनिटाला किती लिटर आणि नंतर किती ते तिथे दिसतं. तलावाची पातळी मात्र सारखी पाहिजे, नाहीतर उन्हाळ्यात तलाव उतरला की गळती आपोआपच कमी, आणि ग्राउटिंग झकास झालं म्हणून फोटो.

भांडुपकर
मग पैसे त्या आकड्यावर द्या ना. पुढच्या पावसाळ्यात तलाव भरला की मोजा, मग शेवटचं बिल.

मुलुंडचा गेटवाला
दादा, शेवटचं बिल?? इथे पहिलं निघत नाही. 2025 ला थकीत बिलांसाठी ठेकेदार रस्त्यावर उतरले होते, त्यात आणखी एक पावसाळा थांबायचं तर बँकेचं व्याज कोण भरणार. मोठी कंपनी थांबेल, मी नाही. म्हणजे तुमच्या नियमाने पण छोटाच मरणार.

रिटायर्ड पाटबंधारेवाला
यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण एक करा, वर्ल्ड बँकेच्या टेंडरात खास कामांसाठी स्पेशलाइज्ड सब-काँट्रॅक्टर दाखवता येतो आणि सब म्हणून केलेल्या कामाचा अनुभवही बऱ्याचदा धरतात. कागद नीट वाचा, प्री-बिडच्या, म्हणजे टेंडर भरण्याआधीच्या बैठकीच्या, आधी लेखी प्रश्न टाका, तोंडी विचारलेल्याला कोणी विचारत नाही. फक्त काम केल्याचं सर्टिफिकेट जोडावं लागेल.

मुलुंडचा गेटवाला
सर्टिफिकेट त्याच मुख्य ठेकेदाराकडून आणायचं ना, ज्याने चौदा महिने फोन उचलला नाही?