नवोदयची ग्रामीण जागा नक्की कुणाची?

शिवणवाली: माझा मुलगा गावातल्या जि.प. शाळेत पाचवीला. वर्गात ११ पोरं, त्यातली दोघं रोज तालुक्याहून इको गाडीने येतात. आईबाप नोकरदार, घर नगरपालिकेच्या हद्दीत, पण तिसरीपासून नाव आमच्या शाळेत. का, ते सगळ्या गावाला माहीत आहे. नवोदय म्हणजे जिल्ह्यातली केंद्र सरकारची निवासी शाळा, सहावीला परीक्षा देऊन प्रवेश. तिच्या ८० जागांपैकी किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांच्या, आणि ग्रामीण कोण? तर तिसरी, चौथी, पाचवी खेड्यातल्या शाळेत काढली तो. राहतो कुठे, याच्याशी घेणंदेणं नाही. संध्याकाळी ती दोघं तालुक्यात क्लासला. माझा मशीनशेजारी बसून गुरुजींनी दिलेल्या झेरॉक्स सोडवतो. नियमात बसतंय, मान्य. पण मनाला पटत नाही. तक्रार करावी का?

जुना_नवोदयी: ताई, १०० पैकी ५० गुण बुद्धिमत्तेच्या ४० आकृत्यांना. ज्याने त्या आधी शंभरदा बघितल्यात त्याचा पेपर दोन तासांत उरकतो. परीक्षाही एकदाच देता येते. मी ऊसतोड्याचा पोरगा. आमचे गुरुजी रविवारी शाळा उघडून जुने पेपर सोडवून घ्यायचे, म्हणून लागलो. माझ्यापेक्षा डोकेबाज पोरगा शेजारच्या झोपडीत होता. दिवाळी झाली की आईबापांबरोबर फडावर. हजेरीपटावर नाव, वर्गात पोरगं नाही. नियमाला तोही ग्रामीण आणि इकोतलाही ग्रामीण. तक्रारीने काही हाती लागणार नाही.

तालुक्याचा_बाप: गाडी लावणाऱ्यांतला मीही एक. (आमचं गाव वेगळं, उगाच शोधू नका.) इंग्रजी शाळेची फी भरायची सोडून पोरगी जि.प.त घातली, तर आम्ही चोर? उरलेल्या २० जागांत अख्ख्या जिल्ह्यातली शहरं, वर त्यातही ग्रामीण मुलं येतातच. आणि तुमच्या शाळेचा पट दोनने घटला की एक शिक्षक जादा ठरून समायोजनात दुसऱ्या शाळेत जाईल, तेव्हा कुणाकडे तक्रार करणार?

शिवणवाली: पटाचं बोललात ते खरं, गुरुजीही हेच म्हणाले. चोर कुणी म्हटलं नाही हो. आपल्यालाच लागलं असेल.

एक सांगते. घडी घालून कापलेला कागद उघडल्यावर कसा दिसेल, असा प्रश्न असतो ना, तो माझा पोरगा पेन न टेकवता सांगतो. परकराचं कापड चौघडी करून कापताना जन्मल्यापासून बघतोय. इकोतली मुलगी तिथंच अडली होती, तर त्याने वहीचं पान फाडून तिला करून दाखवलं. नफा-तोट्याची गणितं मात्र त्याला तिच्याकडून कळली, माझ्याकडून नाही. मी सातवी.

तक्रार नाही करत. उद्या गुरुजींकडे रविवारची किल्ली मागते. त्या पोरीलाही सांगून ठेवते, क्लासची जाडी पुस्तकं घेऊन ये म्हणून. रविवारी गाडी येते का बघू.